चव बघणारी

पडद्यावरची ती जाडी बाई कोण, हे सुगंधाला पहिली दोन-तीन मिनिटं कळलंच नाही. दत्तप्रसादने तिला ऑफिसात बोलावलं होतं ते भलत्याच कामासाठी. सकाळी अख्ख्या काजूगरांच्या ट्रेमध्ये कुणीतरी पाकळ्या, म्हणजे दुभंगलेले गर, मिसळल्या होत्या, आणि कारखान्यात कॅमेरे बसवल्यापासून आता कुणावर ओरडायची गरज नाही, सगळं बघून घेता येतं, अशी या पोराची समजूत. मालकाचा पुतण्या तो, पुण्याला शिकून आलेला, कामाला येणाऱ्या बायकांशी अहो-जाहो करून बोलणारा. तर सुगंधा त्याच्या खुर्चीमागे उभी राहून सकाळच्या चित्रणात ट्रे कोण हलवतंय ते बघत होती, आणि नजर मात्र पुन्हा पुन्हा कोपऱ्यातल्या त्या बाईकडे जात होती. कॅमेरा वरून, बाईचा चेहरा दिसत नव्हता, केसांवरची पांढरी टोपी आणि रुंद पाठ तेवढी दिसत होती. तिचा उजवा हात ट्रेमध्ये जायचा, तिथून तोंडाकडे, मग परत ट्रेमध्ये. मध्येच ती कुणाशी तरी बोलायची, हसायची, आणि हात आपला चालूच. काय ही खादाड, सुगंधाच्या मनात आलं, जरा तरी लाज ठेवावी माणसाने. तेवढ्यात त्या बाईने डाव्या हाताने ॲप्रनवरून कमरेचा पट्टा चाचपला आणि वर ओढला. आता कारखान्यात हर्नियासाठी पोटाला पट्टा बांधून येणारी बाई होती एकच. सुगंधाचा हात आपोआप स्वतःच्या पट्ट्याकडे गेला.

दत्तप्रसादला यातलं काहीच दिसलं नव्हतं. त्याला ट्रे हवा होता, तो सापडला. "सुगंधाताई, कुणी मिसळलं नाहीये हो, लेबलच उलटं लागलंय," असं म्हणून तो हसला आणि तिला जायला सांगितलं. ती 'हो सर' म्हणाली आणि उभीच राहिली. पडद्याच्या कोपऱ्यात घड्याळाचे आकडे पळत होते. तिने बघायला सुरुवात केल्यापासून अकरा मिनिटं झाली होती आणि तो हात नऊ वेळा तोंडाकडे गेला होता. नऊ तिने मोजले होते. आधीचे कुणाला माहीत. बाहेर पडवीत येऊन तिने पाणी प्यायलं. तोंडात दाढेच्या मागे काजूचा चुरा होता. जीभ तो उकरून काढत होती, आणि ही जीभ कधीपासून हे करतेय, ते जिच्या तोंडात ती होती त्या बाईला सांगता येईना.

खोटं कशाला सांगा, तिचं कामच ते होतं. सोललेले गर ड्रायरमधून बाहेर आले की पुरते वाळले की नाहीत ते बघायचं. यंत्र होतं, पण सुगंधाची दाढ यंत्रापेक्षा बरी, असं थोरले मालक चारचौघांत म्हणायचे. गर दाताखाली टक्क करून तुटला की झाला. जरा जरी चिकटला की ट्रे परत आत. खारवलेल्या गरांचं मीठ, मसाल्याचं तिखट, जुन्या मालाचा खवट वास, सगळं तिच्याकडे. वेंगुर्ल्यात या कामाला एकवीस वर्षं झाली होती. एका ट्रेला एक गर पुरे, पण एकावर भरवसा ठेवायचा कसा, म्हणून कडेचा एक, मधला एक, तळाचा एक. आणि मग खात्री असली तरी अजून एक, कारण हात तिथेच असतो.

बेंबीचा हर्निया दुसऱ्या बाळंतपणापासूनचा. ते बाळ राहिलं नाही, हर्निया राहिला. बरीच वर्षं तिने तो लुगड्याच्या गाठीखाली दाबून ठेवला, पण गेल्या वर्षी एकदा पाण्याची घागर उचलताना तिथलं मांस लिंबाएवढं वर आलं आणि आत जाईना. तेव्हा कुडाळच्या सर्जनकडे नेलं. त्याने हाताने दाबून आत ढकललं आणि सांगितलं की ऑपरेशन करावंच लागेल, परत असं अडकलं तर आतडं सडेल आणि जीव जाईल. पण चौऱ्याऐंशी किलोवर टाके घातले तर वर्षभरात उसवतील. दहा किलो उतरवून या. तिच्या लेकीने, नम्रताने, त्याच रात्री वहीच्या पानावर सगळं लिहून दिलं. नम्रता कुडाळात रक्त-लघवी तपासायच्या लॅबमध्ये कामाला, मैत्रिणीबरोबर खोली घेऊन तिथेच राहते. तिला या गोष्टीतलं कळतं. सकाळी चालणं. दुपारी एक नाचण्याची भाकरी, भाजी, उकडलेली डाळ. मासा चालेल, पण नारळ नको, तळलेला नको. रात्री वाटीभर पेज. साखर बंद. आणि सुगंधाने ते पाळलं. साडेपाचला उठून ती पट्टा आवळून बंदरापर्यंत जायची आणि यायची. होड्यांवरची माणसं तिला बघून वेळ सांगायची. दुपारच्या सुट्टीत घरी येऊन नवऱ्याला बांगड्याची कढी वाढताना ती स्वतः तिकडे बघायची नाही. आठ महिन्यांत वजन उतरलं ते दीड किलो. सहाव्या महिन्यात तर पाव किलो वाढलं होतं.

वजन उतरत नाही याचं दुःख तिला होतंच, पण खरं जे आतून पोखरत होतं ते वेगळं होतं. तिच्यावर कुणी विश्वास ठेवत नव्हतं. सर्जन वजनकाट्याकडे बघून गोड हसायचा आणि 'मधूनमधून काहीतरी होत असेल हो, माणूस आहे' म्हणायचा. नवरा जितेंद्र रिक्षा चालवतो; तो थट्टेवारी न्यायचा, आपल्या रिक्षाचं एका बाजूचं स्प्रिंग कुणामुळे बसलं ते सगळ्या नाक्याला ठाऊक आहे म्हणायचा, आणि मग आपल्या ताटातली तळलेली माशाची तुकडी तिच्याकडे सरकवायचा, खा गं, मी नाही सांगत कुणाला. त्याच्या मनात काही नसायचं, पण तेच तिला झोंबायचं. आणि मग दोन आठवड्यांपूर्वीचा तो रविवार. नम्रता आली, चहा प्यायली, आणि स्वयंपाकघरातले डबे एकेक करून उघडू लागली. पोह्यांचा, गुळाचा, बेसनाचा. फळीवरचा सणासुदीचा मोठा डबासुद्धा तिने स्टूल घेऊन काढला. सुगंधा दारात उभी राहून बघत होती. आपल्याच घरात आपली झडती, आणि तीही पोटच्या पोरीकडून.

"आई, माका ओरडूचा नाय आसा," नम्रता म्हणाली, "फक्त खरा काय ता सांग."

"मी खावक नाय. ह्या आठ म्हयन्यांत एक चिमटी जास्त खावक नाय."

"मगे वजन खंयसून येता? हवेतसून?"

त्यानंतर जे बोलणं झालं ते झालं. नम्रता दुपारच्या एसटीने परत गेली आणि तिचा रोजचा फोन बंद झाला. सुगंधाच्या अंगाची लाही लाही झाली होती. दोन दिवसांनी ती जितेंद्रला घेऊन सातेरीच्या देवळात गेली आणि तिथल्या जुन्या मानकऱ्याला गाऱ्हाणं घालायला लावलं. आपल्याकडे माणूस पोलिसांत जायच्या आधी देवाकडे जातो. म्हाताऱ्याने नारळ पुढे ठेवला आणि खड्या आवाजात सुरू केलं: गे माये सातेरी, ह्या तुझा लेकरू आपल्याच घरात खोटा ठरला हा, तर जो कोण खोटो असात त्येका तूच उजेडात हाड आणि खऱ्याचा खरा कर. जितेंद्र आणि सावलीला बसलेले दोन म्हातारे म्हणाले, होय म्हाराजा. तेव्हा सुगंधाला फार बरं वाटलं होतं. आता पडवीत पाण्याचा पेला हातात धरून उभी असताना तिला ते आठवलं आणि तिचे कान तापले. देवीने ऐकलं होतं, आणि तेही सरकारी कचेरीच्या मानाने फारच लवकर.

ती टेबलापाशी परत आली. समोर सुभद्रा बसली होती, गेली पंधरा वर्षं कामावरची सोबतीण. तिची बोटं साल काढत होती आणि तोंड गप्पा मारत होतं. सुगंधाने तिला सहज विचारल्यासारखं विचारलं, मी दिवसाला गर किती खाते गं, कधी मोजलेस? सुभद्राला प्रश्नच कळेना.

"मोजूक कित्या व्हया? तू पयल्यापासून तशीच. सगळ्यांका म्हायत आसा."

"आणि माका कोण कधी बोलला नाय?"

"बोलतलंव काय? तां तुझां काम. कामाक खाणां कोण म्हणता?"

बरोबरच होतं. सुगंधानेही कधी म्हटलं नव्हतं. नम्रताने पहिल्याच दिवशी विचारलं होतं, दिवसभरात तोंडात काय काय जातं ते सगळं सांग, चहासकट सांग. आणि सुगंधाने चहासकट सांगितलं होतं, आणि हे तिच्या मनातसुद्धा आलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिने मोजायचं ठरवलं. एक गर तोंडात गेला की ॲप्रनच्या खिशात सालीचा एक कपटा. लक्ष ठेवलं म्हणून हात बिचकेल असं तिला वाटलं होतं. पण हात कसला बिचकतो. तासाभरात ती विसरून गेली आणि पुढचे कपटे सुभद्राने आठवण करून दिली म्हणून पडले. संध्याकाळी तिने मोरीपाशी उभं राहून मोजले. अडुसष्ट. ती परत मोजायला लागली आणि मध्येच थांबली, कारण तिला आपल्या आईचा चेहरा दिसायला लागला होता.

तिची आई, रुक्मिणी, याच धंद्यात म्हातारी झाली, दुसऱ्या एका कारखान्यात. तो आता पडला. तिच्या काळी बिया फोडायचं काम हाताने, आणि बीच्या तेलाने बोटं काळी पडून सोलवटायची. त्या बोटांनी आई भाताला हात लावायची नाही. ताटात चमचा घेऊन जेवणारी गावात तेवढी एकच बाई. दिवसाला हजारो गर तिच्या हातून जायचे आणि पोटात एक नाही. संध्याकाळी फाटकावर मुकादम बायकांना रांगेत उभं करून तोंड उघडायला लावायचा. आ कर. जीभ वर कर. गाल ओढून दाखव. सुगंधा लहान असताना आईला आणायला जायची तेव्हा तिने हे बघितलं होतं, आणि तेव्हा तिला त्यात काही वाटलं नव्हतं. डॉक्टरकडे करतात तसं काहीतरी असेल असं वाटलं होतं. कळलं ते फार उशिरा. शेवटच्या आजारात आई कुणाला ओळखत नव्हती, आणि नर्स ताप बघायला जवळ आली की ती मुकाट्याने तोंड उघडायची, जीभ वर करायची, मग एका बोटाने उजवा गाल ओढून दाखवायची, मग डावा. नर्स म्हणायची, किती गुणाची आजी. सुगंधा बाहेर व्हरांड्यात जाऊन भिंतीला डोकं लावून रडायची. आणि आईच्या नंतर चारच महिन्यांनी थोरल्या मालकांनी तिला साल काढायच्या कामावरून उठवून ड्रायरपाशी बसवलं आणि सगळ्यांदेखत म्हटलं होतं, खाऊन बघ. पहिला गर तिने कितीतरी वेळ चावला होता. तो गोड लागला होता की नाही ते आता आठवत नाही, पण आपण तो उघडपणे खातोय आणि कुणी तोंड बघायला येणार नाही, हे मात्र तिला पक्कं आठवतं. त्याला ती खाणं कसं म्हणणार होती? तिने कधी भुकेने उचललाच नव्हता. ती आपली बसली होती, एकवीस वर्षं, आणि हात चालला होता.

चव बघून थुंकायचं, यात काय मोठंसं, असं कुणालाही वाटेल. तिने घरून स्टीलची वाटी आणली, टेबलाखाली ठेवली, गर चावला, वाटी तोंडाशी नेली, आणि गळ्याने तो गिळला. दुसराही गिळला. तिसरा कसाबसा बाहेर आला तेव्हा वाटीतला तो पांढरा लगदा बघून तिला मळमळलं. अन्न थुंकतेयस, तिला स्वतःच्याच आवाजात ऐकू आलं, आणि तेही हे अन्न. त्या दिवशी तिचे चार ट्रे चुकले. संध्याकाळी दत्तप्रसाद म्हणाला, ताई, तब्येत बरी नाही का? तिला वाटलं सांगून टाकावं आणि ड्रायरवरून उठवा म्हणावं. पण सालीच्या टेबलावर परत बसायचं म्हटलं तर दिवसभर बाकड्यावर वाकून पोटावर ताण, आणि शिवाय ही दाढ हीच काय ती तिची कमाई. ती चिवट होती. दहा-बारा दिवसांत जमलं. गर पुढच्या दातांनी अर्धाच तोडायचा, टक्क ऐकायचं, जिभेच्या टोकाला मीठ लागलं की बाहेर. एका ट्रेला एक. दुसरा हात मांडीखाली दाबून. पहिले काही दिवस दुपारी तीनच्या सुमारास तिला अशी भूक लागायची की डोळ्यांपुढे अंधारी यायची, तेव्हा तिला कळलं की घरची एक भाकरी खरोखर केवढीशी असते.

पण एक गोष्ट सुटत नव्हती. आता वजन उतरणार. आणि ते उतरलं की सगळे काय म्हणणार? बघ, चोरून खाणं थांबवलं आणि उतरलं. गप्प राहिली तर ती आठ महिने चोरून खाणारी बाई म्हणूनच राहील, आणि सांगितलं तर खाणारी होतीच. दोन्हीकडून पकडली गेली होती बिचारी. बंदराच्या वाटेवर पहाटे ती हेच घोळवत चालायची. गप्प राहणं सोपं होतं. पोरगी आपणहून फोन करील, दोघी हसतील, विषय संपेल. पण मग ते आठ महिने? ती रोजची एक भाकरी, ती वाटीभर पेज, नवऱ्याच्या ताटाकडे न बघणं, ते कुणाच्याच हिशेबात कधीच येणार नाही. आणि ते खरं होतं. जे काय होतं त्यात तेवढं तरी अगदी खरं होतं. शनिवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून तिने कुडाळची एसटी धरली.

नम्रता नुकतीच लॅबमधून आली होती. आईला दारात बघून घाबरली, तिचा हात पहिल्यांदा आईच्या पोटाकडेच गेला. अडकलं का परत? सुगंधाने मान हलवली, आत जाऊन पलंगाच्या कडेला बसली आणि पाणीसुद्धा न पिता म्हणाली, "नम्रता, मी खायत होतंय."

 नम्रता समोर भिंतीला टेकून उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर 'मी म्हटलं नव्हतं' असं काही येईल म्हणून सुगंधा बघत होती, पण तिथे थकवाच होता फक्त. मग सुगंधाने सगळं सांगितलं, कॅमेरा, पडद्यावरची बाई, कपटे, सुभद्रा काय म्हणाली ते. आजीचंही सांगितलं. फाटकावरचं ते नम्रताला कधी कुणी बोललं नव्हतं. सुगंधा सांगत असताना ती मध्येच पलंगावर येऊन बसली. सांगून झाल्यावर नम्रताने अडुसष्ट हा आकडा परत विचारला, मोबाइलवर काहीतरी गुणलं, आणि म्हणाली, तीन भाकऱ्यांच्या वर गेलं गं आई, रोज.

"आणि घराकडे?" तिने विचारलं.

"घराकडे तू लिवन दिलंस तां."

"एकच भाकरी?"

"एकच."

"आठ म्हयने?"

"आठ म्हयने."

नम्रता उठली आणि कोपऱ्यातल्या शेगडीपाशी गेली. तिने भांड्याचं झाकण काढलं, परत ठेवलं. आपण स्टुलावर चढून फळीवरचा डबा काढला तेव्हा आई दारात कशी उभी होती, ते तिच्या डोळ्यांपुढे आलं असणार, कारण ती पाठ वळवूनच म्हणाली, "मी तुझे डबे उघडलंय."

"उघडलंस. त्यात काय चुकला? मी खायतच होतंय."

"पण तू खोटा बोलूक नाय होतंस. आणि मी तुका खोटी ठरवलंय."

सुगंधाला वाटलं होतं हे ऐकलं की छाती हलकी होईल. पण ती ढसाढसा रडायलाच लागली, पोटावर पट्ट्याला दोन्ही हात लावून, कारण रडताना तिथे दुखायचं. नम्रता तिच्याजवळ येऊन बसली आणि तिनेही आपला हात त्या पट्ट्यावर ठेवला. मग दोघी जेवल्या. नम्रताने आईला डाळ, भाजी आणि दोन भाकऱ्या वाढल्या, आता दोन चालतात म्हणून, आणि सुगंधाने दोन्ही खाल्ल्या.

पुढचं फारसं सांगण्यासारखं नाही. उतरायला लागलं ते काही झरझर नाही. एखादा महिना तसाच जायचा आणि सुगंधा हबकायची, मग फोनवर नम्रता विचारायची, आज किती गिळले, आणि सुगंधा सांगायची, आज सात, आज पाच, आज चुकून अकरा. अकरा म्हणाली तरी पलीकडून कुणी गोड हसत नव्हतं. पाचव्या महिन्यात दोघी सर्जनकडे गेल्या. सुगंधा चप्पल काढून काट्यावर उभी राहिली. सर्जनने वाकून बघितलं, चष्मा सरसावला आणि खूश होऊन म्हणाला, "शाब्बास! आता लावू या ऑपरेशनची तारीख. बघा, एकदा खरंखरं पाळायला लागलं की होतं की नाही?"

सुगंधाने मान खाली घातली. डॉक्टरसमोर तिला बोलता येत नाही. शुद्ध बोलायच्या नादात शब्दच सापडत नाहीत. तेवढ्यात शेजारून नम्रताचा आवाज आला, कचेरीत बोलतात तसा, स्पष्ट.

"डॉक्टर, आई पहिल्या दिवसापासून खरंच पाळत होती."

सर्जन 'हो, हो' म्हणाला आणि कागदावर तारीख लिहू लागला. सुगंधा काट्यावरून खाली उतरली, चपला पायांत घालताना तिचा एक अंगठा दोनदा चुकला, नम्रताने तिचा दंड धरला. काट्यावर आकडा किती होता ते तिने बघितलंच नव्हतं. एसटी सुटताना खिडकीतून तिला नम्रतालाच विचारावं लागलं.